आंबट पाणी, मऊ पाणी: कुसात्सु आणि शिमा

पहिला दिवस: उएनोहून वर

कुसात्सुला रेल्वे जात नाही. तोक्योच्या उएनो स्टेशनवरून ‘कुसात्सु-शिमा’ नावाची एक्स्प्रेस सुटते. साधारण अडीच तासांत ती नागानोहारा-कुसात्सुगुची या लांबलचक नावाच्या स्टेशनात सोडते, आणि तिथून बस पंचवीस मिनिटं घाट चढते. गाव गुन्मा प्रांतात आहे, सुमारे १,२०० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा थोडंसंच खाली. फरक एवढाच की हे गाव कुसात्सु-शिराने या जिवंत ज्वालामुखीच्या उतारावर वसलंय.

दिवाळीची सुट्टी धरून आई आणि मी दादाकडे आलो होतो. दादा-वहिनी तोक्योतल्या निशिकासाईत राहतात. तिथे भारतीय इतके आहेत की भाजीवाल्याकडे कढीपत्तासुद्धा मिळतो. आईनं येण्याआधीच सांगून ठेवलं होतं, “मला गगनचुंबी इमारती नाही दाखवल्यास तरी चालेल, पण तुमच्या त्या गरम पाण्यात एकदा उतरायचंय.” तिचं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं. तुरळ आणि राजवाडीची गरम पाण्याची कुंडं तिच्या लहानपणातली. त्यामुळे ऑनसेन, म्हणजे जपानमधली गरम पाण्याच्या झऱ्यांवरची स्नानं, काय असतात हे तिला समजावून सांगावं लागलं नाही. जपानी लोक त्यात कसे उतरतात, एवढं मात्र सांगावं लागलं.

आधी गोंदणाचं सांगते. आईच्या डाव्या हातावर मनगटाच्या थोडं वर तुळशीवृंदावन गोंदलेलं आहे, लग्नाआधी जत्रेत काढलेलं. जपानमध्ये गोंदणाचा संबंध याकुझा या गुन्हेगारी टोळ्यांशी जोडला जातो आणि कित्येक स्नानगृहांच्या दारावर ‘गोंदण असलेल्यांना प्रवेश नाही’ अशी पाटी असते. २०१३ साली होक्काइदो बेटावर हनुवटीवर पारंपरिक गोंदण असलेल्या न्यूझीलंडच्या एका माओरी स्त्रीला असंच परत पाठवलं होतं आणि त्याची मोठी बातमी झाली होती. म्हणून दादानं आमच्या मुक्कामाच्या ठिकाणी आधीच फोन करून विचारलं. मालकीणबाई म्हणाल्या, लहानसं असेल तर त्वचेच्या रंगाची चिकटपट्टी लावा, काही अडचण नाही. दादानं पट्ट्या आणून दिल्या. आई त्या हातात घेऊन बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मेल्यावर सोबत येणारा एवढाच दागिना म्हणायची माझी आई. आणि तोच झाकायचा?” पण तिनं पट्टी लावली, कारण दुसऱ्याच्या घरी त्यांच्या रीतीनं वागायचं हे तिच्या हाडात मुरलेलं आहे.

दुसरी गोष्ट जोडव्यांची. कुसात्सुच्या पाण्यात गंधक आहे आणि गंधकानं चांदी काळी पडते. जोडवी, चांदीची अंगठी, पैंजण असं सगळं खोलीत काढून ठेवायचं. सोन्याबरोबर तांबं मिसळलेलं असतं, म्हणून मंगळसूत्रही काढलेलं बरं. आईनं सगळं रुमालात बांधून पर्समध्ये ठेवलं.

बसमधून उतरल्यावर आधी वास येतो. तो वास धरून उताराला लागलं की आपण थेट युबाताकेपाशी पोचतो. गावाचा हा मधला चौक म्हणजे एक प्रचंड वाफाळता हौद. मिनिटाला सुमारे ४,००० लिटर पाणी इथे आपोआप वर येतं. पन्नासएक अंशांचं हे पाणी सात लांब लाकडी पन्हळींतून सावकाश सोडतात. वाहता वाहता ते निवतं आणि पन्हळीच्या तळाशी पिवळट गंधक साठतो. तो वर्षातून काही वेळा खरवडून, वाळवून, आंघोळीच्या पाण्यात टाकायला विकतात. खालच्या टोकाला पाणी हिरव्यागार डोहात कोसळतं. एका बाजूला पाण्यात लाकडी चौकट उभी आहे. तोकुगावा घराण्याचा आठवा शोगुन, म्हणजे लष्करी राज्यकर्ता, योशिमुने याच्यासाठी तिथलं पाणी पिंपांत भरून एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, किल्ल्यात नेत असत. आज दिसणारी युबाताकेभोवतीची वळणदार मांडणी तारो ओकामोतो या कलावंताची, १९७५ सालची. पाणी कुठे लपवलेलं नाही, पाइपांत कोंडलेलं नाही. गावाचं सगळं धन चौकात उघडं ठेवलंय आणि त्याभोवती लोक युकाता, म्हणजे सुती झगे, घालून फिरताहेत.

संध्याकाळी पहिलं स्नान झालं, मुक्कामाच्या ठिकाणच्याच स्त्रियांच्या हौदात. कपडे काढायच्या खोलीत वेताच्या टोपल्या असतात. सगळं त्यात काढून ठेवायचं आणि हाताएवढा एक पंचा घेऊन आत जायचं. आई दारापाशी थबकली. “आम्ही कुंडात लुगड्यासकट उतरायचो गं. अंगावर काहीच नाही?” मी म्हटलं, काहीच नाही, कारण आतलं पाणी सगळ्यांचं आहे, कपडा, साबण, केस, काहीही त्यात जायला नको. हे कारण तिला लगेच पटलं. पाणी बाटू नये म्हणून माणसानं आपलं सगळं बाहेर ठेवायचं, हा विचार तिच्या सोवळ्याच्या जगातलाच होता. फक्त इथे त्यात जात-गोत नव्हती.

आत बुटक्या स्टुलावर बसून साबणानं स्वच्छ आंघोळ करायची, फेसाचा थेंबही उरू द्यायचा नाही. मग हौदातलं पाणी तांब्यानं पायांवर, खांद्यांवर घ्यायचं आणि नंतरच उतरायचं. पंचा पाण्यात बुडवायचा नाही. तो घडी करून डोक्यावर ठेवतात. आत पाच-सहा बायका होत्या, दोघी आईच्याच वयाच्या. पोटावर ऑपरेशनचे व्रण, गुडघ्यावर सुजेच्या गाठी, पाठीला पोक. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं आणि कोणी कोणापासून लपतही नव्हतं. माझ्या खांद्यांतला ताण जायला वेळ लागला. आईचा माझ्याआधी गेला. ती कठड्याला टेकून बसली, डोळे मिटले आणि ओठ ओले झाले तशी म्हणाली, “आंबट आहे!”

आहेच आंबट. कुसात्सुच्या पाण्याचा सामू (पीएच) २.१च्या आसपास, लिंबाच्या रसाएवढा. ज्वालामुखीतून वर येणारे गंधकाचे आणि क्लोरीनचे वायू जमिनीतल्या पाण्यात विरघळतात आणि त्याचं आम्ल होतं. या पाण्यात लोखंडी खिळा टाकला तर काही दिवसांत झिजून सुईसारखा होतो. कोकणातली कुंडं अशी नाहीत. पालघरपासून राजापूरपर्यंतच्या पट्ट्यात पाणी भेगांमधून खोल जातं, तिथल्या उष्णतेनं तापतं आणि वर येतं; त्यामागे ज्वालामुखी नाही. आईच्या टाचांच्या भेगांना कुसात्सुचं पाणी झोंबलं. पाच मिनिटांत मी तिला बाहेर काढलं, पाणी प्यायला लावलं आणि थोडं बसवून पुन्हा उतरवलं. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या माणसांनी इथे सलग बसून राहू नये. जेवल्यावर लगेच आणि दारू पिऊन तर मुळीच उतरू नये.

रात्रीच्या जेवणाबद्दल शाकाहारी वाचकांसाठी थोडं. जपानी स्वयंपाकात मासा दिसला नाही तरी तो रशात असतो. बहुतेक सूप आणि सॉसच्या मुळाशी सुकवलेल्या माशाच्या किसाचा अर्क असतो. ‘मासे नकोत’ एवढं सांगून भागत नाही. ‘माशाचा अर्कही नको, समुद्री शेवाळाचा चालेल’ असं बुकिंग करतानाच लिहून कळवावं लागतं. आम्ही तसं कळवलं होतं आणि आईच्या पुढ्यात जे आलं त्यावर कोणीतरी मनापासून डोकं चालवल्याचं दिसत होतं: सोयाच्या दुधाची साय, भाजलेले माइताके मशरूम, भोपळा, भात, लोणची. आणि कोन्याकु. हा लिबलिबीत राखाडी पदार्थ गुन्माची खासियत. जपानमधलं बहुतेक कोन्याकुचं पीक याच प्रांतात येतं. तो ज्या कंदापासून करतात तो आपल्या सुरणाचा सख्खा भाऊ आहे. हे ऐकल्यावर आईनं तो मन लावून खाल्ला आणि चिंच न घालता त्याची खाज कशी घालवतात असं विचारलं. चुन्याच्या निवळीनं, असं उत्तर मिळालं तेव्हा तिनं मान डोलावली.

दुसरा दिवस: पहाट, आणि डोंगरापलीकडची कोठडी

नरक चतुर्दशी होती. आईनं चारलाच मला उठवलं. भारतातून आणलेल्या बाटलीतलं तेल तिनं माझ्या टाळूवर आणि मी तिच्या टाळूवर बोटभर लावलं. बाहेर आंघोळीच्या नळाखाली शिकेकाईनं ते धुऊन टाकलं आणि मग आम्ही उघड्यावरच्या हौदात उतरलो. हवा चार-पाच अंशांची असेल. अभ्यंगस्नान सूर्योदयाआधी, थंडीत, कढत पाण्यानं करायचं. हे सगळं जिथे आपोआप जुळून येतं अशी जागा मला दुसरी माहीत नाही. आईनं पाण्यातच हात जोडले.

दिवसभर गाव पाहिलं. युबाताकेला लागूनच शिराहाता-नो-यु आहे. गावकऱ्यांच्या वापरातल्या स्नानगृहांपैकी शिराहाता, चियो आणि जिझो ही तीन बाहेरच्यांनाही फुकट खुली आहेत. लाकडी खोली, एक-दोन हौद, नळ नाही, साबण नाही. शिराहाताचं नाव मिनामोतो या सामुराई घराण्याच्या पांढऱ्या निशाणावरून पडलं. ११९३ साली मिनामोतो नो योरितोमो शिकारीला आला असताना त्याला हा झरा सापडला अशी कथा सांगतात. पाणी इथे फार कढत असतं. मी गळ्यापर्यंत बुडून मनात रामरक्षेचे चार श्लोक म्हणेपर्यंतच टिकले.

एवढ्या कढत पाण्यावर कुसात्सुनं शोधलेला उपाय म्हणजे युमोमी. थंड पाणी घालून निववलं तर औषधी गुण पातळ होणार, म्हणून सहा फूट लांबीच्या लाकडी फळ्यांनी ते घुसळायचं. नेत्सु-नो-यु या सभागृहात आता त्याचा कार्यक्रम होतो. बायका ओळीनं उभ्या राहून गावाचं लोकगीत म्हणत फळ्या उलट्या-सुलट्या फिरवतात आणि नंतर प्रेक्षकांनाही फळी हातात देतात. फळी जड आहे. खांद्यातून काम करावं लागतं. पूर्वी हे करमणुकीसाठी नव्हतंच. रोगी लोक स्वतः पाणी घुसळायचे, डोक्यावर तांब्यामागून तांब्या ओतून घ्यायचे आणि मग प्रमुखाच्या इशाऱ्यावर सगळे एकदम हौदात उतरायचे. तीन मिनिटं झाली की त्याच्याच इशाऱ्यावर बाहेर. दिवसातून अनेकदा, आठवडे न् आठवडे. त्यांच्यासाठी तो इलाज होता आणि तो सोसायला बळ लागत असे.

पश्चिमेकडच्या साइनोकावारा बागेत जमिनीतून जागोजागी पाणी उकळताना दिसतं. तिथे एर्विन बेल्झ या जर्मन डॉक्टरचा पुतळा आहे. १८७६ साली ते तोक्योला वैद्यक शिकवायला आले आणि कुसात्सुचं पाणी व हवा यांची कीर्ती त्यांनी युरोपात नेली. बागेच्या वरच्या टोकाला मोठा उघडा हौद आहे, आजूबाजूला मेपल आणि पिवळी पडलेली लार्चची झाडं. आम्ही तिथे दुपारी उतरलो. ज्वालामुखीच्या माथ्यावरचं युगामा हे हिरव्या पाण्याचं विवर मात्र पाहिलं नाही. २०१८च्या जानेवारीत शेजारच्या मोतो-शिरानेचा उद्रेक झाला आणि स्कीच्या सरावाला आलेला एक सैनिक मरण पावला. तेव्हापासून वरच्या वाटांवर निर्बंध लागत-उठत असतात. जाण्याआधी चौकशी करावी.

दुपारनंतर आम्ही टॅक्सी करून गावाबाहेर गेलो. कुसात्सुला येणारे बहुतेक पाहुणे तिकडे जात नाहीत, त्यामुळे हे मी सविस्तर लिहिते आहे.

कुसात्सुच्या पाण्यानं त्वचेचे रोग बरे होतात या श्रद्धेमुळे कुष्ठरोगीही शतकानुशतकं इथे येत. इतर पाहुण्यांसोबत एकाच गावात ते राहत. गावाला पर्यटक हवेसे झाले तसे ते नकोसे झाले. १८८७ साली त्यांना गावाच्या खालच्या अंगाला, युनोसावा या वस्तीत हलवलं. त्या वस्तीत मात्र त्यांनी संसार मांडले, दुकानं आणि खानावळी चालवल्या, स्वतःचा कारभार स्वतः केला. १९१६ साली मेरी कॉर्नवॉल ली ही इंग्लिश धर्मसेविका तिथे येऊन राहिली. साठीला टेकलेली ही बाई घरची श्रीमंत होती. तिनं आपला पैसा दवाखाना, शाळा आणि घरं बांधण्यात घातला. लोक तिला ‘आई’ म्हणत. पुढे सरकारनं सर्व रोग्यांना कोंडून ठेवायचं धोरण घेतलं. १९३२ साली डोंगरापलीकडे कुरिउ राकुसेनएन हे राष्ट्रीय रुग्णालय उघडलं आणि १९४१पासून युनोसावा वस्ती मोडून टाकण्यात आली.

राकुसेनएन आजही आहे. झाडी, आखीव रस्ते, बैठी घरं, सगळं नीटनेटकं. उरलेले रहिवासी फार वृद्ध आहेत आणि कधीच बरे झालेले आहेत. त्याच्या एका कोपऱ्यात १९३८ साली एक इमारत बांधली. कागदोपत्री ती ‘विशेष रोगी-कक्ष’ होती. लोक तिला जूकानबो म्हणत, म्हणजे कडक कोठडी. रुग्णालयांच्या संचालकांना रोग्यांना शिक्षा करण्याचा अधिकार कायद्यानंच दिला होता. देशभरातल्या रुग्णालयांतून ‘उद्धट’ ठरवलेले रोगी खटल्याशिवाय इथे पाठवले जात. हातभर झरोका, शेगडी नाही, अंथरूण नावापुरतं, जेवण तुटपुंजं. हिवाळ्यात इथे पारा शून्याखाली वीस अंशांच्या जवळ जातो. १९४७ साली बंद होईपर्यंत तिथे ९३ जणांना कोंडलं आणि त्यांतले २३ जण मेले.

मूळ इमारत आता नाही, पाया राहिलाय. २०१४ साली जवळच संग्रहालय उघडलं. आत कोठडीची खऱ्या मापाची प्रतिकृती आहे. दार इतकं बुटकं की वाकूनच आत जावं लागतं. आई गुडघ्यांमुळे आत गेली नाही, दाराशी उभी राहून मला विचारत होती, “खिडकी कुठे आहे? वर? केवढी?” मी हातानं माप दाखवलं. ती पुढे काही बोलली नाही.

कुष्ठरोग्यांना कोंडण्याचा जपानचा कायदा रद्द झाला १९९६ साली, औषध सापडल्यानंतर पन्नासएक वर्षांनी. २००१ साली कुमामोतोच्या न्यायालयानं सरकारला जबाबदार धरलं. आणि तरी २००३ साली त्याच कुमामोतो प्रांतातल्या एका ऑनसेन हॉटेलनं बरे झालेल्या कुष्ठरोग्यांना खोली नाकारली. बाकीच्या पाहुण्यांना चालणार नाही, असं कारण दिलं. आपल्याकडे तरी काय, कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कायदेशीर कारण २०१९ सालापर्यंत होतं. आई तरुणपणी शिक्षक मंडळींबरोबर वरोऱ्याला आनंदवनात गेली होती. परतताना टॅक्सीत ती म्हणाली, “बाबा आमट्यांकडे त्या लोकांनी शेतात पिकवलेली भाजी होती पानात. आमच्यातल्या दोघींनी हात लावला नव्हता. मी खाल्ली, पण घाबरत खाल्ली.” मग तिनं हातावरची चिकटपट्टी सोलून काढली आणि डबीत टाकली.

त्या रात्री हौदात ती पट्टीविना उतरली. मालकीणबाईंना आम्ही आधी विचारलं होतं. त्यांनी वृंदावन नीट निरखून पाहिलं, कोणाचं घर म्हणून विचारलं, आणि तुळशीचं म्हटल्यावर हसून दार उघडून दिलं. आत कोणी काही म्हटलं नाही.

तिसरा दिवस: नदीला चुना पाजणारे लोक

एवढं आम्ल मिनिटाला बत्तीस हजार लिटरहून जास्त वेगानं वर येतं. वापरून झाल्यावर ते जातं कुठे, हा प्रश्न आईनं सकाळी विचारला आणि त्याचं उत्तर गावातच मिळालं. ते युकावा नदीत जातं आणि तिथून आगात्सुमा नदीत. पूर्वी या नद्यांत मासा जगत नसे, पाणी शेतीला चालत नसे, लोखंडी आणि काँक्रीटचे खांब झिजून जात. १९६४ साली कुसात्सुत एक कारखाना उभा राहिला. तिथे चुनखडीची भुकटी पाण्यात कालवून तिचं दुधासारखं द्रावण करतात आणि नदीत सोडतात. रात्रंदिवस, वर्षाचे सगळे दिवस. आम्ल आणि चुना यांच्या संयोगातून तयार झालेला गाळ खाली शिनाकी धरणात साठतो आणि तो उपसत राहावा लागतो. जगात नदीवर असा प्रयोग पहिल्यांदा इथेच झाला. वरून बघितलं की स्वच्छ नदीत पांढरी धार पडताना दिसते. तिथून पुढे नदी गढूळ निळसर होते आणि खाली कुठेतरी पुन्हा नितळ. साठ वर्षांपासून ही धार तुटलेली नाही. तुटली तर नदी पुन्हा मरेल. इतक्या चिकाटीनं एखाद्या नदीची काळजी घेतलेली मी कुठे पाहिली नाही आणि मला त्या अनोळखी कामगारांबद्दल फार आदर वाटला.

या कामाची दुसरी बाजू परतीच्या रेल्वेत कळते. नागानोहाराहून गाडी आगात्सुमाच्या खोऱ्यात उतरते आणि यानबा धरणाच्या जवळून जाते. हे धरण बांधायचा विचार १९५२ सालचा, पण तेव्हा नदीचं पाणी आम्लधर्मी होतं, काँक्रीट खाणारं. पाणी निवळलं आणि धरण शक्य झालं. मग कावारायु या जुन्या ऑनसेन गावानं कित्येक दशकं विरोध केला, घराघरांत दोन तट पडले, आणि शेवटी गाव डोंगरावर नव्यानं वसवलं गेलं. रेल्वेमार्ग २०१४ साली वळवला. धरण २०२० साली पूर्ण झालं. खिडकीतून शांत निळं पाणी दिसतं, त्याखाली त्यांची जुनी स्नानगृहं आहेत. कोयना-उजनीच्या काठच्या माणसांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

नाकानोजोला उतरून बसनं चाळीसेक मिनिटांत शिमा. गाव म्हणजे एका अरुंद दरीत नदीकाठी वसलेली घरांची ओळ. बस पुढे जाते तशी दुकानं कमी होतात, झाडं वाढतात. इथे का यायचं, तर कुसात्सुच्या आम्लानं जुन्या रोग्यांच्या त्वचेवर जखमा होत. उपचार संपला की घरी परतण्याआधी ते सावातारी किंवा शिमाच्या सौम्य पाण्यात काही दिवस राहून कातडी भरून काढत. आधी कठोर पाणी, मग मऊ पाणी, हा क्रम लोकांनी अनुभवातून बसवला होता. आम्ही तसाच तो पाळला.

पाण्यातला फरक पहिल्या मिनिटातच कळतो. वास जवळजवळ नाही. अंगावर हात फिरवला की गुळगुळीत लागतं. झोंबत नाही. आईच्या टाचा इथे कुरकुरल्या नाहीत आणि रात्री गुडघ्याला तेल न चोळता ती झोपली. एका रात्रीत गुडघे बरे होतात असं मी म्हणणार नाही. पण ती झोपली.

चौथा दिवस: शिमा

सकाळी गावाच्या वरच्या टोकाला हिनातामी याकुशिदोपर्यंत चालत गेलो. १५९८ सालचं हे गवताच्या छपराचं लाकडी देऊळ आरोग्याच्या बुद्धाचं. बाजूलाच गोमुसो-नो-यु हे छोटंसं दगडी स्नानगृह आहे. इथे एका योद्ध्याला रात्रभर सूत्रपठण करताना दृष्टान्त झाला आणि झरा सापडला, अशी कथा आहे. दानपेटीत नाणी टाकून आत जायचं. हौद चार माणसांचा. आईला हे सगळ्यांत आवडलं: देव, झरा आणि आंघोळ, तिन्ही एका अंगणात. तुरळला तरी दुसरं काय आहे, असं ती म्हणाली. फक्त इथे कोणी साबणाच्या वड्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या टाकून जात नाही, हे तिनं दोनदा म्हटलं. तेच दुःख मलाही होतं. वज्रेश्वरी-गणेशपुरीला गेलेल्या कोणालाही ते ठाऊक आहे.

दुपारी सेकिझेनकानमध्ये गेलो. लाल पुलापलीकडची त्याची मूळ इमारत १६९१ सालची. बाहेरच्यांना ठरावीक वेळात पैसे भरून स्नान करता येतं. ‘गेनरोकु-नो-यु’ हे स्नानगृह १९३० सालचं: उंच कमानदार खिडक्या, फरशी, आणि त्यात बसवलेले पाच दगडी हौद. कपडे काढायला वेगळी खोलीच नाही. दार उघडलं की एका बाजूला टोपल्या आणि समोर हौद. काचांमधून दुपारचं ऊन पाण्यावर पडलेलं होतं. भिंतीत एका माणसापुरत्या वाफेच्या कोनाड्यासारख्या दोन खोल्या आहेत. आई त्यात गेली नाही, कोठडी आठवते म्हणाली. मी तिला आग्रह केला नाही.

शिमाचं पाणी पिताही येतं. त्यासाठी गावात जागा केलेल्या आहेत. चव किंचित खारट. १९५४ साली जपान सरकारनं आरोग्यासाठी राखायच्या ऑनसेन गावांची पहिली निवड केली, तेव्हा त्यात सुकायु आणि निक्को-युमोतोबरोबर शिमा होतं. म्हणूनच बहुधा इथे मोठी हॉटेलं आणि झगमगाट आलेला नाही.

जाणार असाल तर कुसात्सुच्या दोन रात्री आणि शिमाची निदान एक, आणि याच क्रमानं. आधी शिमा आणि मग कुसात्सु असं करू नका. त्वचा आग आग घेऊन तोक्योला परताल. ऑक्टोबरचा शेवट पानांसाठी उत्तम. जूकानबो संग्रहालयाचे सुट्टीचे वार आधी पाहून ठेवा आणि त्यासाठी अर्धा दिवस राखा. गोंदण असेल तर मुक्कामाच्या ठिकाणी स्पष्ट विचारा, नुसतं ‘टॅटू’ म्हणून नको. कोणी काढलं, कशाचं आहे, तेही सांगा.